पाण्याचा वाईट रंग

परतीचा पाऊस उरकला की एका सकाळी आभाळ निवळलेलं असतं. आदल्या दिवशीपर्यंत फुटत्या कापसावर टांगून राहिलेले ढग रातोरात कुठे गेले ते कळत नाही. ऊन असं पडतं की अंगणातल्या खड्यालासुद्धा सावली येते. शेजारच्या गच्चीवर गाद्या निघतात, डाळींचे डबे उघडून उन्हात ठेवले जातात, आणि मी आतल्या खोलीत जाऊन संगणक सुरू करतो.

खरं म्हणजे मी मराठीचा मास्तर. बीडमध्ये एका कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तकं शिकवत आणि पुस्तकंच वाचत निवृत्त झालो. उपग्रहाचा आणि माझा संबंध आला तो वसुधामुळे, माझ्या बायकोमुळे. ती भूगोल शिकवायची. उपग्रहाने काढलेली जमिनीची आणि पाण्याची चित्रं आता कुणालाही फुकट उतरवून घेता येतात, हे तिने एका उन्हाळी वर्गात शिकून घेतलं आणि मग ती त्यात बुडूनच गेली. दर चार-पाच दिवसांनी, सकाळच्या चहानंतर आणि जेवणाच्या आधी, तो उपग्रह आमच्या जिल्ह्यावरून जातो. "आज तो यायचाय," असं ती घाईघाईने वेणी घालताना म्हणायची. कामाला येणाऱ्या मावशींना बरेच दिवस वाटायचं की घरी कुणी पाहुणा येतो. एकदा त्यांनी त्याच्यासाठी पोहे जास्त केले होते.

ती गेल्यानंतरचा हा तिसरा आश्विन. पाहुणा अजून येतो.

पावसाळाभर तो येतो तसाच परत जातो, कारण ढगांतून त्याला खालचं काही दिसत नाही. भाद्रपदापर्यंतची चित्रं उघडली तर नुसता पिंजलेला कापूस. मग आभाळ निवळतं. पाणीही त्याच सुमारास निवळतं. पावसाने आणलेली माती तळाशी बसते आणि ओढ्यातला गोटा न् गोटा दिसू लागतो. आभाळ आणि पाणी दोघांसाठी मराठीत एकच क्रियापद आहे, आणि दोन्ही एकाच पंधरवड्यात निवळायची, तेव्हाच वसुधाचं काम सुरू व्हायचं. मी तिला हे एकदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बघा, तुमच्या व्याकरणाचा कुठेतरी उपयोग झाला." त्या हंगामात आम्ही खूप हसलो. तिच्या पोटात तेव्हा अधूनमधून दुखायचं. पित्त असेल, असं तीही म्हणायची आणि मीही.

तो तलाव लिंबागणेशच्या पुढे, डोंगराच्या कुशीत आहे. फार मोठा नाही. चित्रात पाहिलं तर दोन बोटं पसरल्यासारखा दिसतो: एक बोट धरणाच्या भिंतीपर्यंत गेलेलं, खोल पाण्याचं, दुसरं काठच्या गावाकडे वळलेलं, उथळ, ज्यात ओढा येऊन मिळतो. ओढ्याबरोबर गावातल्या गटारीही मिळतात, वरच्या शेतांतलं खतही वाहून येतं. काठाला बेशरम माजलेली, तिच्या जांभळट फुलांत बगळे उभे. गावकरी या बोटाला 'वरचं अंग' म्हणत.

शेवाळाची एक गंमत वसुधाने मला समजावून सांगितली होती. शेवाळातलं हिरवं द्रव्य तांबडा उजेड पिऊन टाकतं, आणि तांबड्याच्या जरा पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेड परत वर फेकतं. उपग्रहाचा डोळा तो टिपतो. काठावर उभं राहून आपल्याला पाणी बरं वाटत असतं, तेव्हाच त्याला वरून कळलेलं असतं की आत काय वाढतंय. मात्र त्याचं खरं-खोटं ठरवायला तो जात असताना कुणीतरी खाली पाण्यात असावं लागतं. पाणी बाटलीत भरायचं, काळ्या कापडात गुंडाळायचं, आणि काळीपांढरी थाळी दोरीने सोडत ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते बघायचं. म्हणून आम्ही त्या हंगामात तिथे जात होतो.

नेणारा अंबादास. तलावात मासे धरणारा, पन्नाशीचा, तोंडात कायम काडी. त्याची होडी म्हणजे थर्माकोलच्या लाद्या दोरीने आवळून केलेला तराफा. त्यावर वसुधा पदर खोचून मांडी घालून बसायची, आणि मी काठावर बाभळीखाली पुस्तक घेऊन.

"सर, या की तुमी बी," अंबादास ओरडायचा.

"मला पोहता येत नाही."

"मॅडमला तरी कुठं येतंय? पर त्यांला भ्या न्हाई. तुमी लई वाचलेलं दिसतंय!"

थाळी पाण्यात सोडताना तो वाकून बघायचा. "मॅडम, आमी पाण्यात काय बी टाकलं तर मासा घेऊनच काढतो. तुमी रिकामंच काढता आन खूश होता. हे कुठलं शिक्षाण म्हणायचं?"

"आज कुठे दिसेनाशी झाली ते बघ ना," वसुधा म्हणायची.

"हातभर बी न्हाई गेली."

"तेच तर."

अशा एका सकाळचं चित्र माझ्याजवळ आहे. तो वरून जात होता तेव्हा ती वरच्या अंगाच्या मधोमध होती, मी पाहत होतो. पण त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे खाली एखाद्या घराएवढी जागा. तराफा त्यात मावून जातो, वेगळा दिसत नाही. मी ते चित्र मोठं करत करत शेवटच्या ठिपक्यापर्यंत गेलेलो आहे. हिरवट तपकिरी चौकोन उरतो. पाणी, थर्माकोल, अंबादासचा सदरा, तिची मोतिया साडी, सगळ्यांचा मिळून एक रंग. आकाशाने त्या दिवशी तिला पाहिलं एवढं खरं, ओळखलं नाही.

त्या हंगामातली आणखी एक गोष्ट म्हणजे गाव रिकामं होत जाणं. दसरा झाला की ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. त्यांच्यात भांडी, बाजली, शेळ्या, लेकरं चढतात, कोयते गोणपाटात गुंडाळले जातात, आणि माणसं ऊस तोडायला कोल्हापूर-सांगलीकडे, कर्नाटकात जातात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली शाळेतली लेकरं. वसुधा म्हणाली होती, "आभाळ उघडतं आणि सांगायला गावात कुणी नसतं." तेव्हा मला ते वाक्य म्हणून आवडलं होतं.

गावाला नळाची नवी विहीर हवी होती. जुनी उन्हाळ्यात आटायची. विहीर तलावाच्या काठाला खणायची एवढं ठरलेलं होतं. कुठल्या अंगाला, ते ठरायचं होतं. वरचं अंग गावाला जवळ, पाइप कमी लागणार. पण पाणी तिथलंच वाईट होतं, आणि विहिरीत उतरणार तेच. उन्हात कधीकधी तिथे हिरव्या रंगाचा डबा लवंडल्यासारखी साय यायची. अशा सायीत विषारी जातीचं शेवाळही असू शकतं, ज्याचं विष उकळूनही जात नाही. वसुधाला एवढंच करायचं होतं: विहीर धरणाच्या भिंतीकडे खणली जावी. त्यासाठी तिने नकाशा केला, बीडला मोठ्या कागदावर छापून घेतला, आणि आम्ही तो मारुतीच्या पारामागच्या भिंतीवर डकवला. संगणक देतो तेच रंग होते. भिंतीकडचं चांगलं पाणी निळं, मधलं पिवळं, वरचं अंग लालभडक.

चार-पाच म्हातारी माणसं जमली. पुढे काशीबाई होत्या. त्यांचा मुलगा दत्ता टोळीचा मुकादम, तो सुनेसकट कारखान्यावर गेलेला; घरी दोन नातवंडं आणि त्या. त्यांनी डोळ्यांवर हात धरून नकाशा न्याहाळला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आगं बया, वरच्या अंगाला तांबडं पाणी आलंय की!"

मागचे म्हातारे पुढे सरकले. "कुठं? आरं व्हय! डोंगरात झालेला दिसतुया पाऊस."

काशीबाई घरात गेल्या आणि मुठीत साखर घेऊन आल्या. वसुधाच्या हातावर घातली. "मॅडम, तुमच्या तोंडात साखर पडो. तांबडं पाणी दाखीवलंत."

वसुधा साखर हातात धरून उभी राहिली. मीही. आम्ही दोघंही याच जिल्ह्यात वाढलेलो. ओढ्याला तांबडं पाणी आलं म्हणून लोक धावत सुटतात हे लहानपणापासून पाहिलेलं. तांबडं पाणी म्हणजे नवं पाणी, डोंगरातून माती घेऊन आलेलं, वर्ष निभावून नेणारं. कोरड्या ओढ्यात त्याची पहिली जीभ दिसली की बायका कुंकू वाहतात. आणि आम्ही ते भिंतीवर धोका म्हणून लावलं होतं.

"काशीबाई, आणि हे निळं?" वसुधाने हळूच विचारलं.

"निळं म्हंजी शिळं. साचून ऱ्हायल्यालं. त्ये जनावराला."

परतताना गाडीत तिने मुठीतली साखर तोंडात टाकली. मग खो खो हसायला लागली, आणि हसता हसता पोट धरून थांबली.

पुढच्या खेपेला तिने नकाशा नेलाच नाही. काशीबाईंच्या ओट्यावर बसली आणि सरळ विचारलं, "काशीबाई, वाईट पाणी दाखवायचं तर कुठल्या रंगात दाखवू?"

"म्हंजी?"

"हिरव्या दाखवू?"

"आवो, हिरवं कुठं वाईट असतंय! हिरवा चुडा, हिरवं लुगडं. समदं हिरवं होऊ दे म्हणून तर देवाला साकडं घालतो आमी."

"काळं?"

"काळं म्हंजी खोल. डोहाचं. त्ये बाराई मास टिकतंय."

"पिवळं?"

काशीबाई आता हसू लागल्या. "पिवळा भंडारा! मॅडम, तुमचं काय चाललंय? पाण्याला कुठं वाईट रंग असतो व्हय? हितं घागरीमागं घागर लावून म्हाताऱ्या झालो आमी. पाणी दिसलं की बरंच वाटतंय."

"मग वाईट काय दिसतं?"

त्यांनी तलावाकडे बघितलं. त्या वर्षी तो भरलेला होता. पण त्या बघत होत्या ते वेगळंच, हे त्यांच्या तोंडावरून कळत होतं. "भुरकं," त्या म्हणाल्या. "तळाचा गाळ वाळून भेगाळतोय ना उन्हाळ्यात, त्यो रंग. त्यो बघितला की पोटात खड्डा पडतोय."

मी एवढी वर्षं वाचत आलो, पण दुष्काळावर याहून नेमकं काही वाचल्याचं आठवत नाही. त्या रात्री जेवण झाल्यावर वसुधा संगणकासमोर बसली आणि नकाशातलं वरचं अंग तिने भुरकं केलं. वाळलेल्या गाळाचं. काठाच्या जमिनीत ते असं मिसळून गेलं की तलावाला ते बोट नव्हतंच असं वाटावं.

मी म्हणालो, "पण तिथे पाणी आहे. हे खोटं होत नाही का?"

"पिण्याजोगं आहे का?"

"नाही."

"मग नाहीच. पिणाऱ्याच्या नकाशात ते नाहीच."

तो नकाशा पाराच्या भिंतीवर लागला त्या दिवशी कुणी साखर आणली नाही. एका म्हाताऱ्याने तर नकाशाकडे पाठ केली. अंबादास तेवढा उसळला, "आवो मॅडम, परवा थितंच जाळं टाकाय गेलतो मी. दोन पाट्या मासे घावले. कोरड्यात घावले व्हय मला? कावून न्हाई म्हणता पाणी?"

"तू ते पाणी पितोस का?"

"मी?" त्याने काडी बाजूला थुंकली. "मी घरून बाटली आणतो की."

सगळे हसले. आणि हसण्याबरोबर ते पटलंही. काशीबाई म्हणाल्या, "पोरं पाडव्याला आली म्हंजी सांगू आमी. हीर भिंतीकडंच. भुरक्यात न्हाई." वसुधाने त्यांचा हात हातात घेतला. परत येताना ती गाडीत मागच्या सीटवर आडवी झाली होती, आणि आरशात मला तिचे फक्त पाय दिसत होते, काठाच्या चिखलाने माखलेले.

ती पौषात गेली. दुखणं पित्ताचं नव्हतं.

त्याबद्दल मला लिहिता येत नाही. त्या दिवसांत मी जे वाचलं त्यातला एक शब्दही आठवत नाही. हिवाळ्याचं आभाळ इतकं स्वच्छ होतं की राग यावा.

गुढीपाडव्यानंतर उशिरा कधीतरी दत्ताचा फोन आला. "सर, विहिरीचं पाणी सोडायचंय. तुमी आलंच पाहिजे. नारळ तुमच्याच हातानं." मी गेलो. पाराची भिंत कुठल्याशा जाहिरातीसाठी रंगवून काढलेली होती. पोरं मला घेऊन चालू लागली ती धरणाच्या भिंतीकडे नव्हे, गावाच्या खालून, गटारीच्या कडेने. मला चालता चालताच कळलं. वरच्या अंगाला, बेशरम तोडून केलेल्या जागेवर, सिमेंटचा नवा कठडा उभा होता. त्याला झेंडूच्या माळा होत्या. कठड्यावर संगमरवराचा तुकडा बसवलेला होता, आणि त्यावर माझ्या बायकोचं नाव होतं. कै. सौ. वसुधाताई, आणि खाली: यांच्या स्मरणार्थ, समस्त गावकरी.

मी म्हणालो. ते म्हटल्याशिवाय मला राहवलंच नसतं. "दत्ता, ही जागा ती नको म्हणाली होती. हे पाणी पिऊ नका म्हणाली होती."

दत्ताने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खरंखुरं. "सर, आय सांगत होती मला. पर भिंतीपासून पाइप आणायचा म्हंजी अर्ध्या शिवारातनं आणावा लागतोय. आन मॅडम येवढ्या उन्हातान्हात आमच्यासाठी आल्या. हितंच बसायच्या की त्या पाण्यात. म्हणून म्हणलं, नाव हितंच पायजे."

मी पुन्हा बोललो. भुरका नकाशा, शेवाळ, लेकरं, सगळं. सगळे मान खाली घालून ऐकत होते. एक जण खुर्ची घेऊन आला, दुसऱ्याने पंख्यासारखा टॉवेल हलवायला सुरुवात केली. शोकात असलेल्या माणसाचं बोलणं लोक ऐकत नाहीत, त्याला सांभाळून घेतात. काशीबाई लांब उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नारळ दत्तानेच फोडला. मोटार सुरू झाली, पाणी आलं, आणि टाळ्या वाजल्या. ते पाणी दिसायला चांगलं होतं. उन्हात तर फारच चांगलं दिसत होतं.

नंतर मी सरकारी कचेऱ्यांत अर्ज केले, साहेबांना भेटलो, तिची चित्रं दाखवली. तपासतो म्हणाले. एकाने सांगितलं, नाव काढायचं असेल तर तसा ठराव करावा लागेल. नाव काढून काय होणार होतं? मला विहीर नको होती, आणि लोकांना वाटलं मला नाव नको आहे. गावात बोलणं झालं म्हणे, की सरांना मान कमी पडला.

तेव्हापासून मी एवढंच करू शकतो. आभाळ निवळलं की चित्रं उघडतो. तिने शिकवलं तसे रंग चढवतो. उत्तरेला गेवराईजवळ गोदावरीच्या पात्रात वाळू उपसलेल्या खड्ड्यांची डबकी दिसतात, पूर्वेला परळीकडे राखेचा फिकट डाग. मग मी लिंबागणेशच्या पुढे येतो आणि दोन बोटं शोधतो.

गावातली नावं वापरून झिजतात, तसं त्या विहिरीचंही झालं. 'वसुधाताई स्मरणार्थ' कुणाच्या तोंडी राहणार? आधी 'मॅडमची विहीर' झालं, मग नुसतं 'मॅडम'. मॅडमची मोटार जळाली. मॅडमला पाणी कमी हाय. अंबादास फोनवर सहज बोलून जायचा आणि मग जीभ चावायचा. आता चावत नाही, आणि मीही दचकत नाही. म्हणजे दचकतो, पण आवाज बदलू देत नाही.

परवा सकाळी त्याचा फोन आला. ट्रॅक्टर जाऊन आठवडा झाला असावा.

"सर, मॅडमकडं जाऊन आलो आत्ता. लई हिरव्या पडल्यात. वास बी येतोय. गावात म्हातारी माणसंच हायत आता आन बारकी लेकरं. तुमी वरून बघून सांगा की, मॅडम कशा हायत. प्यावं का न्हाई?"

आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी आदल्या दिवशीचं चित्र उघडलं. आभाळात एक ढग नव्हता. माझ्या संगणकावर वाईट पाण्याचा रंग मी अजून लालच ठेवला आहे, भुरका करायला हात धजत नाही. ओढ्याच्या तोंडापासून विहिरीपर्यंत सगळं लाल होतं.

"बऱ्या नाहीत," मी म्हणालो.

"मग?"

"भिंतीकडचं आणा. उकळून, गाळून. पण तिकडचंच. लेकरांना तर विहिरीचं देऊच नका."

मागे कुणीतरी काहीतरी विचारत होतं. अंबादासने फोन दुसऱ्याच्या हातात दिला. काशीबाई होत्या. त्यांना आता ऐकू कमी येतं, त्यामुळे त्या ओरडून बोलतात.

"सर, मी जाते भिंतीकडं. लेकरं घेऊन जाते, दोन दोन कळश्या आणू. त्याचं काय न्हाई. पर मॅडम बऱ्या कवा व्हतील?"

पाणी गार पडलं की शेवाळ वाढायचं थांबतं, हळूहळू तळाला बसतं. दरवर्षीच्या चित्रांत ते दिसतं. पौषात ते बोट जवळजवळ निळं असतं.

"थंडी पडली की," मी म्हणालो.

"आँ?"

"थंडी पडली की होतील बऱ्या," मी ओरडून म्हणालो. शेजारच्या गच्चीवर गाद्या उलटवणारी बाई काठी हातात धरून माझ्या खिडकीकडे बघत राहिली.